इंग्रजी स्पेलिंग: तोंडाचा उच्चार वेगळा, हाताचा वेगळा

मराठी माध्यमात शिकून पहिल्यांदाच इंग्रजीत अर्ज, बिल किंवा मेल लिहायची वेळ आलेल्यांसाठी हे लिहिते आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात नुकताच लागलेला मुलगा असो, बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी मुलगी असो, की टायपिंगच्या सरकारी परीक्षेला बसलेलं कुणी असो, अडचण एकच असते. शब्द माहीत आहे, अर्थ माहीत आहे, बोलताही येतो, पण लिहायला घेतला की हात अडतो. मीही याच वाटेने निर्यातीच्या कागदपत्रांच्या कामात आले. आता नव्याने लागलेल्यांना जे शिकवते, तेच इथे क्रमाने मांडते.

एक आधीच सांगते. स्पेलिंग चुकतं ते हुशारी कमी म्हणून नव्हे. आपण ऐकून लिहिणारी माणसं आहोत. मराठीत जे कानावर पडतं ते जवळजवळ तसंच कागदावर उतरतं, आणि पहिलीपासून हाताला तीच सवय लागलेली असते. इंग्रजीत त्या सवयीला दुसरी एक सवय जोडायची असते, आणि ती कोणत्याही वयात लागते.

या लेखातली स्पेलिंगं शाळेत आपण मोठ्याने म्हणायचो तशी, एकेक अक्षराचं नाव घेऊन दिली आहेत. नुसती वाचून पुढे जाऊ नका. प्रत्येक स्पेलिंगपाशी थांबा, वहीत रोमन अक्षरांत लिहा आणि मग पुढे या. लेख संपेपर्यंत तुमची पहिली यादी तयार झालेली असेल.

काय काय लागेल

- दोनशे पानी वही. मोबाइलमधली नोट चालणार नाही, कारण स्पेलिंग हाताने लिहूनच बसतं.
- दोन रंगांची पेनं.
- एक चांगला इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्हींचे शब्दकोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात. छापील हवा असेल तर हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी बसून पाहता येईल.
- तुमच्या स्वतःच्या कामातले पाच-सहा जुने कागद: अर्ज, बिल, पत्र, काहीही. तुमच्या चुका त्यातच सापडतील.

१. इंग्रजी असं का वागतं, ते एकदा समजून घ्या

हे थोडक्यात, पण वगळू नका. कारण कळलं की चिडचिड कमी होते.

विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला. छापील पुस्तकांमुळे स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली. पण त्याच काळात, साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत, इंग्रजांचे स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणावर बदलत होते. उच्चार पुढे गेला, स्पेलिंग मागे राहिलं. नाइट म्हणजे सरदार, त्याच्या सुरुवातीचा के पूर्वी खरोखर उच्चारला जायचा.

काही अक्षरं तर विद्वानांनी मुद्दाम घातली. डेट म्हणजे कर्ज, त्यातला बी लॅटिनमधल्या मूळ शब्दाशी नातं दाखवण्यासाठी आला. आयलंडमधला एस तर चुकीचं नातं धरून आला. १७५५ मध्ये सॅम्युएल जॉन्सनचा शब्दकोश निघाला, तोवर ही बरीचशी स्पेलिंगं रुळली होती आणि शब्दकोशाने ती आणखी घट्ट केली.

म्हणजे इंग्रजी स्पेलिंगमध्ये शब्दाचा जुना उच्चार आणि त्याचं घराणं साठलेलं असतं. पुढच्या युक्त्या याच गोष्टीवर उभ्या आहेत.

२. प्रत्येक अवघड शब्दाला हाताचा उच्चार द्या

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आपण रोज मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी लिहितो आणि वाचतो. ‘कुठे आहेस’ रोमन अक्षरांत आलं तरी डोळे अडत नाहीत. हेच कौशल्य स्पेलिंगला लावा. इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग समोर ठेवा आणि ते रोमन लिपीतली मराठी असल्यासारखं, एकही अक्षर न गाळता वाचा. जे विचित्र काहीतरी तयार होईल, तो हाताचा उच्चार. बोलताना इंग्रजी उच्चार वापरायचा, लिहिताना मनात हा म्हणायचा.

सेपरेट हा शब्द घ्या. एस-ई-पी-ए-आर-ए-टी-ई. बहुतेकांचा मधला ए चुकतो आणि तिथे ई पडतो. रोमन मराठीसारखं वाचलं तर होतं ‘सेपाराटे’. एखाद्या आडनावासारखं वाटतं ना? ‘सेपाराटे’ दोन-तीनदा म्हटलं की तिथे ई लिहायला हात वळतच नाही.

असेच आणखी काही, जे सोलापुरातल्या अर्जांमध्ये आणि पाट्यांवर मला सारखे चुकलेले दिसतात:

- रेस्टॉरंट: आर-ई-एस-टी-ए-यू-आर-ए-एन-टी. हाताचा उच्चार ‘रेस्ताउरांत’. ए आणि यू दोन्ही हाताला ऐकू येतात.
- गव्हर्नमेंट: जी-ओ-व्ही-ई-आर-एन-एम-ई-एन-टी. ‘गो-वेर्न-मेंट’. मधला एन सगळ्यात जास्त गळतो.
- एन्व्हायर्नमेंट: ई-एन-व्ही-आय-आर-ओ-एन-एम-ई-एन-टी. ‘एन-वि-रोन-मेंट’. इथेही तोच एन.
- वेन्सडे: डब्ल्यू-ई-डी-एन-ई-एस-डी-ए-वाय. ‘वेद-नेस-डे’. मूळ अर्थ वोडेन देवाचा वार, म्हणून डी आहे.
- डेफिनिट: डी-ई-एफ-आय-एन-आय-टी-ई. ‘डेफिनिटे’. यात ए कुठेच नाही.
- कॅलेंडर: सी-ए-एल-ई-एन-डी-ए-आर. ‘कालेंदार’. शेवटी ‘दार’ आहे, म्हणून ए-आर.
- ग्रामर: जी-आर-ए-एम-एम-ए-आर. ‘ग्राम्मार’.
- बिझनेस: बी-यू-एस-आय-एन-ई-एस-एस. ‘बुसिनेस्स’.
- बॅचलर: बी-ए-सी-एच-ई-एल-ओ-आर. ‘बाचेलोर’. यात टी नाही. बायोडेटात पदवी लिहिताना इथेच चुकतं.
- फ्रेंड: एफ-आर-आय-ई-एन-डी. ‘फ्रि-एन्ड’.
- सेक्रेटरी: एस-ई-सी-आर-ई-टी-ए-आर-वाय. ‘सेक्रेट-आरी’.

फेब्रुवारीबाबत आपण नशीबवान आहोत. घाईत बोलणाऱ्यांच्या तोंडून त्यातला पहिला आर निसटतो आणि मग लिहितानाही राहतो. आपण मराठीत ‘फेब्रुवारी’ म्हणतो, त्यात तो शाबूत आहे. मराठी उच्चार मनात धरून एफ-ई-बी-आर-यू-ए-आर-वाय लिहा.

इथला सापळा: देवनागरीत रूढ झालेलं रूप बघून स्पेलिंग ठरवू नका. लेंथ असं आपण लिहितो म्हणून जी गळतो. खरं स्पेलिंग एल-ई-एन-जी-टी-एच. ‘व्ह’ने सुरू होणारे शब्दही फसवतात. व्हॅन, व्हिटॅमिन, व्हरांडा यांत व्ही आहे. पण व्हाइट, व्हील, व्हीट म्हणजे गहू, यांत डब्ल्यू-एच आहे. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून ‘व्ह’ आला की थांबून शब्दकोश बघायचाच.

हाताचा उच्चार तोंडात मात्र रुळू देऊ नका. मुलाखतीत ‘बुसिनेस्स’ बाहेर पडायला नको. म्हणून वहीत दोन्ही उच्चार शेजारी लिहा, तोंडाचा एका रंगात आणि हाताचा दुसऱ्या रंगात.

३. जोडअक्षरांसाठी चादर, मामा आणि समोसा

चुकांचा मोठा ढीग एकाच जागी असतो: अक्षर एकदा की दोनदा? इंग्रज ‘कमिटी’ म्हणताना एम दोनदा म्हणत नाही, टीही नाही. कानाला काहीच मदत नाही.

सोलापूरकरांना इथे एक सोय आहे. मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू ऐकत वाढल्यामुळे अक्का, अण्णा, अप्पा, अम्मा यांतला जोर आपल्या कानाला चांगला ओळखीचा असतो. तो जोर हाताच्या उच्चारात आणा. कमिटी म्हणजे ‘कोम्-मिट्-टीई’: सी-ओ-एम-एम-आय-टी-टी-ई-ई. अकोमोडेशन म्हणजे राहण्याची सोय, आणि ती अक्का आणि अम्मा दोघींचीही व्हायला हवी. अक्कासारखा सी-सी, अम्मासारखा एम-एम. ए-सी-सी-ओ-एम-एम-ओ-डी-ए-टी-आय-ओ-एन. हॉटेलांच्या पाट्यांवर हा शब्द बघत चला, कुणी अम्माला वगळलेलं असतं, कुणी अक्काला.

बाकीच्या शब्दांसाठी अक्षरांना पात्रं द्या. माझी पात्रं अशी: सी म्हणजे चादर, एम म्हणजे मामा, आर म्हणजे रुपया, पी म्हणजे पाहुणा, डी म्हणजे दादा. एस माणूस असेल तर सोलापूरकर, खायचा असेल तर समोसा.

- नेसेसरी (आवश्यक): एका चादरीत दोन सोलापूरकर, थंडीत आवश्यकच. एक सी, दोन एस. एन-ई-सी-ई-एस-एस-ए-आर-वाय.
- सक्सेस (यश): दोन चादरी, दोन सोलापूरकर, ज्याला त्याला आपली मिळाली. एस-यू-सी-सी-ई-एस-एस. पहिला एस सुरुवातीला आहेच, जोडी शेवटी येते.
- ऑकेजन (प्रसंग): सत्काराचा प्रसंग, एका सोलापूरकराला दोन चादरी. ओ-सी-सी-ए-एस-आय-ओ-एन.
- टुमॉरो (उद्या): उद्या एक मामा दोन रुपये देणार. टी-ओ-एम-ओ-आर-आर-ओ-डब्ल्यू.
- रेकमेंड (शिफारस): एका चादरीसाठी दोन मामांची शिफारस. आर-ई-सी-ओ-एम-एम-ई-एन-डी.
- एम्बॅरस (लाज वाटणे): दोन रुपयांत दोन समोसे मागताना लाज वाटते. ई-एम-बी-ए-आर-आर-ए-एस-एस.
- हॅरस (छळणे): एकाच रुपयात दोन समोसे मागितले तर तो दुकानदाराचा छळ. एच-ए-आर-ए-एस-एस.
- डिसअपॉइंट (निराश करणे): समोसा एक, पाहुणे दोन. डी-आय-एस-ए-पी-पी-ओ-आय-एन-टी. डिसअपिअर म्हणजे गायब होणे, त्यातही हेच गणित: डी-आय-एस-ए-पी-पी-ई-ए-आर. समोसा गायब.
- ॲड्रेस: पत्ता सांगायला दोन दादा आणि दोन सोलापूरकर. ए-डी-डी-आर-ई-एस-एस.

ही पात्रं माझी आहेत, तुम्ही तुमची घ्या. स्वतः रचलेलं वाक्य दुसऱ्याच्या वाक्यापेक्षा जास्त टिकतं, हे मी शिकवताना कायम बघते. वाक्याचा शब्दाच्या अर्थाशी संबंध मात्र हवाच. ‘दोन रुपयांत दोन समोसे’ लाजेशी जोडलेलं आहे म्हणून आठवतं. अर्थाशी न जोडलेलं यमक आठवडाभरात विसरतं.

४. अक्षर ऐकू येत नसेल तर त्याच्या भावंडाला विचारा

एका शब्दात मुकं असलेलं अक्षर त्याच घराण्यातल्या दुसऱ्या शब्दात बोलतं.

डेट म्हणजे कर्ज, बी ऐकू येत नाही. पण डेबिट म्हटलं की बी खणखणीत येतो, आणि बँकेत काम करणाऱ्याला डेबिट रोजचंच. साइनमधला जी मुका, सिग्नेचरमध्ये बोलतो. म्हणूनच कन्साइनमेंटमध्येही जी असतो: सी-ओ-एन-एस-आय-जी-एन-एम-ई-एन-टी. रिसीट म्हणजे पावती, त्यातला पी रिसेप्शनमध्ये ऐकू येतो. कॉलममधला शेवटचा एन कॉलम्निस्टमध्ये.

स्वरांनाही हे चालतं. रेसिडन्समध्ये ए-एन-सी-ई की ई-एन-सी-ई? रेसिडेन्शियल म्हणा, ‘डे’ ऐकू येतो, म्हणजे ई. कॉन्फिडन्सचं भावंड कॉन्फिडेन्शियल, पुन्हा ई. सबस्टन्सचं सबस्टॅन्शियल, तिथे ए. ग्रामरमध्ये शेवटी ए-आर हे ग्रॅमॅटिकलमधल्या ‘मॅ’वरून कळतं.

एक सावधगिरी. भावंडं कधीकधी फिरतात. प्रोनाउन्समध्ये ओ-यू आहे, पण प्रोनन्सिएशनमध्ये ओ जातो: पी-आर-ओ-एन-यू-एन-सी-आय-ए-टी-आय-ओ-एन. मेंटेनमध्ये शेवटी ए-आय-एन, पण मेंटेनन्समध्ये मध्ये टी-ई-एन: एम-ए-आय-एन-टी-ई-एन-ए-एन-सी-ई. अटेंडन्सला ए आणि एक्झिस्टन्सला ई, यामागे हाताशी धरता येईल असा नियम नाही. असे शब्द सरळ वहीत घ्या.

५. नियम थोडेच शिका, पण पक्के शिका

नियमांच्या मागे फार लागू नका. मला खरोखर उपयोगी पडलेले हे एवढेच.

शेवटचं अक्षर कधी दुप्पट होतं? शब्द एका झटक्यात म्हणता येत असेल आणि शेवटी एक स्वर व एक व्यंजन असेल, तर आय-एन-जी किंवा ई-डी लागताना व्यंजन दुप्पट. शिपचं शिपिंग, दोन पी. पण शिपमेंटमध्ये जोड एम-ई-एन-टीची आहे, म्हणून पी एकच. शब्द लांब असेल तर शेवटी जोर पडतो का ते बघा. बिगिनमध्ये जोर शेवटी, म्हणून बिगिनिंगला दोन एन. ऑकर आणि रेफरमध्येही शेवटी, म्हणून ऑकर्ड, रेफर्डला दोन आर. ओपन आणि ऑफरमध्ये जोर सुरुवातीला, म्हणून ओपनिंग, ऑफर्ड एकेरीच. ट्रॅव्हल आणि कॅन्सल ब्रिटिश पद्धतीत मात्र जोर कुठेही असला तरी एल दुप्पट करतात.

शेवटचा मुका ई: आय-एन-जी लागला की जातो. राइटचं राइटिंग, टी एकच. पण मॅनेजेबल, नोटिसेबल यांत ई राहतो, नाहीतर जी आणि सी कठोर वाचले जातील. ट्रूली, आर्ग्युमेंट आणि नाइन्थ यांत ई जातो. हे तीन पाठच करा.

आय-ई की ई-आय? उच्चार दीर्घ ‘ई’ असेल तर आय-ई: बिलीव्ह, फील्ड, अचीव्ह, पीस म्हणजे तुकडा. आधी सी असेल तर ई-आय: रिसीव्ह, रिसीट, सीलिंग. सीझ म्हणजे जप्त करणे आणि प्रोटीन हे याला अपवाद. उच्चार ‘ए’ असेल, जसा वेट, फ्रेट, एट, नेबर यांत, तर ई-आय. हाइट म्हणजे उंची, तिच्यातही ई-आय, आणि शेवटी नुसता टी. लेंथ आणि विड्थच्या ओढीने तिला टी-एच लावू नका.

शेवटचा नियम अर्ज लिहिणाऱ्यांसाठी सोन्यासारखा आहे. शेवटी ‘मिट’ असलेल्या क्रियापदापासून ‘मिशन’ झालं की एस दोन. ॲडमिटचं ॲडमिशन, परमिटचं परमिशन, सबमिटचं सबमिशन, कमिटचं कमिशन. आणि शेवटचा ‘शन’ माणसाचा धंदा सांगत असेल तर सी-आय-ए-एन: इलेक्ट्रिशियन, टेक्निशियन, म्युझिशियन.

६. आपल्या धंद्यातले शब्द आधी

सर्वसाधारण याद्या पाठ करण्याआधी तुमच्या टेबलावरचे शब्द पक्के करा. सोलापुरात कापडाचं काम पुष्कळ, म्हणून माझी यादी त्याची आहे.

सगळ्यात वर डाईंग, म्हणजे रंगवणं: डी-वाय-ई-आय-एन-जी. नियमाने ई जायला हवा, पण इथे मुद्दाम ठेवतात, कारण ई काढला तर ‘मरणे’ होतं. मरण्याचं डी-वाय-आय-एन-जी. डाईंग विभागाच्या नावाने निघालेल्या पत्रात हा ई राहिला नाही तर वाचणाऱ्याला काय वाटेल याचा विचार करा. संगणकही ही चूक दाखवत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

जॅकार्ड: जे-ए-सी-क्यू-यू-ए-आर-डी. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या यंत्रणेने उठते ती फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार याच्या नावाची, साल १८०४. हे माणसाचं नाव आहे, म्हणून त्यात के नाही आणि सी-क्यू-यू असा फ्रेंच घाट आहे. मर्सराइज्ड सूतही तसंच, जॉन मर्सर या इंग्रजाच्या नावावरून. मर्सरमध्ये सी, म्हणून इथेही सी: एम-ई-आर-सी-ई-आर, पुढे आय-एस-ई-डी.

टेरी टॉवेलमधल्या टेरीला दोन आर, टॉवेलला एल एकच. हेमिंग म्हणजे कडा शिवणं, दोन एम. फ्रेट म्हणजे वाहतूक भाडं, एफ-आर-ई-आय-जी-एच-टी, त्यात ‘एट’ म्हणजे आठचा आकडा पूर्ण बसलेला आहे. बेल म्हणजे गठ्ठा बी-ए-एल-ई, आणि कोर्टातला जामीन बी-ए-आय-एल. क्लॉथ म्हणजे कापड. क्लोद्ज म्हणजे अंगावरचे कपडे, त्यात एचनंतर ई येतो: सी-एल-ओ-टी-एच-ई-एस. ई नसलेलं सी-एल-ओ-टी-एच-एस म्हणजे कापडाचे तुकडे, फडकी. गिऱ्हाइकाला यातलं नेमकं काय पाठवतोय ते कळायला हवं.

तुम्ही दवाखान्यात, वकिलाकडे किंवा शाळेच्या ऑफिसात असाल तर अशीच यादी तुमच्या जुन्या कागदांतून काढा. आठवड्यातून दोनदा येणारा शब्द वर्षातून एकदा येणाऱ्या शब्दाच्या आधी.

७. जुळे शब्द

यांना फक्त एकेक खूण पुरते. स्टेशनरी, वह्या-पाकिटांची, ई-आर-वाय, एन्व्हलपचा ई. जागेवर उभं राहिलेलं स्टेशनरी ए-आर-वाय. प्रिन्सिपल, शाळेचे मुख्याध्यापक किंवा कर्जाची मूळ रक्कम, शेवटी ए-एल. तत्त्व या अर्थाचं एल-ई. ॲडव्हाइस सी-ई म्हणजे सल्ला, एस-ई म्हणजे सल्ला देणे. लूझ म्हणजे हरवणे, एक ओ, कारण एक ओ हरवलेला आहे. लूस म्हणजे सैल, दोन ओ. क्वाएट म्हणजे शांत, शेवटी ई-टी. क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी, शेवटी टी-ई.

अर्जाच्या शेवटचे दोन शब्द: सिन्सिअरली हा सिन्स आणि रिलाय हे दोन शब्द चिकटवून लिहा, एस-आय-एन-सी-ई-आर-ई-एल-वाय. ग्रेटफुलमध्ये ‘महान’वाला ग्रेट नाही, जी-आर-ए-टी-ई आहे, आणि शेवटी एल एकच. फुलने संपणाऱ्या सगळ्या शब्दांत एल एकच असतो, एल-वाय लागला की दोन होतात. युअर्समध्ये एसच्या आधी वर स्वल्पविराम देऊ नका.

चेक लिहिताना चाळीस म्हणजे एफ-ओ-आर-टी-वाय, यू नाही. चार आणि चौदामध्ये मात्र यू आहे.

८. ब्रिटिश की अमेरिकन, एक ठरवा

भारतात सरकारी कागद, परीक्षा आणि शाळा ब्रिटिश स्पेलिंग धरून चालतात: कलरमध्ये ओ-यू-आर, फायबरमध्ये आर-ई, चेकमध्ये क्यू-यू-ई. नोआ वेब्स्टरने १८२८ मध्ये अमेरिकन इंग्रजीचा शब्दकोश काढला आणि तिकडची ओ-आर, ई-आर ही रूपं पक्की होत गेली. अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला माल जात असेल तर त्याच्या ऑर्डरमध्ये जे स्पेलिंग आहे तेच बिलात वापरा. ग्रे रंग इंग्लंडात ई-वाय, अमेरिकेत ए-वाय.

दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच कागदावर दोन्ही नकोत. परीक्षेत शंका आली तर ब्रिटिश.

९. संगणकावर आणि मोबाइलवर

वर्डमध्ये भाषा ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडा. नाहीतर बरोबर लिहिलेल्या कलरखालीही लाल रेघ येईल आणि तुम्हाला आपलंच चुकल्यासारखं वाटेल.

लाल रेघ नाही म्हणजे चूक नाही, असं समजू नका. फॉर्मच्या जागी फ्रॉम, डाईंगमधला ई, लूझ आणि लूस, हे संगणकाला दिसत नाही. घाईत पहिली सूचना स्वीकारूही नका. डेफिनिटली चुकीचं लिहिलं तर कधीकधी ‘डिफायंटली’ सुचवलं जातं, त्याचा अर्थ ‘उद्धटपणे’. तपासायची माझी पद्धत अशी: मजकूर शेवटच्या शब्दापासून उलटा वाचायचा. सरळ वाचताना मन अर्थ लावत पुढे पळतं आणि चूक झाकली जाते. उलटं वाचताना प्रत्येक शब्द सुटा दिसतो.

१०. वही कशी चालवायची

पानाचे तीन रकाने करा: बरोबर स्पेलिंग, तोंडाचा व हाताचा उच्चार किंवा आठवणीचं वाक्य, आणि शब्द वापरून एक छोटं वाक्य. चुकीचं स्पेलिंग वहीत कधीही लिहून ठेवू नका. ‘हे चूक, हे बरोबर’ अशा जोड्या पाठ केल्या की परीक्षेत दोन्ही ओळखीचे वाटतात.

रोज पाच शब्द, जास्त नकोत. शब्द बघा, हाताचा उच्चार म्हणा, झाका, लिहा, मग उघडून पडताळा. एका बैठकीत वीस वेळा लिहिण्यापेक्षा आज, उद्या, चार दिवसांनी आणि दोन आठवड्यांनी एकेकदा आठवून लिहिणं जास्त टिकतं. विसरण्याचा वेग कसा असतो हे हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच मोजून दाखवलं होतं, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते हेही त्याच्याच प्रयोगांतून पुढे आलं. घरातल्या कुणाला तरी शब्द विचारायला सांगा. त्यांना इंग्रजी येत नसलं तरी चालतं, शब्द मराठी उच्चाराने विचारला की पुरे.

सलग तीन उजळण्यांत बरोबर आलेल्या शब्दावर बारीक खूण करा आणि त्याला सुट्टी द्या. चुकलेला शब्द उद्याच्या पाचात पुन्हा घ्या.

११. नावांची स्पेलिंगं

नावाला नियम लागू होत नाही, कागदावर जे आहे तेच बरोबर. इंग्रजांच्या काळातल्या नकाशांवर आणि दस्तांवर आपल्या शहराचं नाव एसनंतर एच घालून येतं, आज एस-ओ-एल-ए-पी-यू-आर. जुन्या कागदावरून पत्ता उतरवताना एच सोबत येतो, तो काढा. एखाद्या कंपनीच्या नोंदणीकृत नावातच एच असेल तर मात्र तो तसाच ठेवा. आधार कार्डाच्या अधिकृत स्पेलिंगमध्ये ए दोन ठिकाणी जोडीने येतो: ए-ए-डी-एच-ए-ए-आर.

तुमच्या स्वतःच्या नावाचं स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच आधार, पॅन, बँक आणि नोकरीच्या अर्जात ठेवा. ‘दीपक’ला ई दोन की आय एक, ‘शिंदे’च्या शेवटी ई की वाय, हा वाद दहावीचा फॉर्म भरतानाच मिटवायचा असतो. फरक आधीच पडला असेल तर अर्ज करण्याआधी सगळी कागदपत्रं शेजारी ठेवून एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा, आणि जे जुळत नाही त्याच्या दुरुस्तीचा अर्ज आधी टाका. नोकरी लागल्यावर पडताळणीच्या वेळी तो वेळ मिळत नाही.